सूर्याची भट्टी आणि आपल्या घरातला दिवा

सदर : विज्ञान आणि आपण



डिसेंबर लागला की वऱ्हाडातली आपली माणसे शिदोरी बांधून चैत्यभूमीकडे निघतात. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करीत गाडी पुढे गेली की शेगावच्या अलीकडे पारस लागते. तेथील औष्णिक वीज केंद्राची धुराडी लांबून दिसतात. लेकरे विचारतात, "बाबा, हे काय व्हय?" बाप सांगतो, "इथं लाईन बनते."

२०२२ सालीही ५ डिसेंबरला आपली माणसे अशीच गाडीत होती. नेमक्या त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत, शास्त्रज्ञांनी वाटाण्याहून लहान अशा इंधनाच्या गोळीवर लेसर किरणांचा मारा केला आणि क्षणभर सूर्याच्या पोटात चालते ती क्रिया घडवून आणली. लेसरने जेवढी ऊर्जा आत घातली त्याहून जास्त बाहेर पडली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. आता कोळसा नको, धूर नको, समुद्राच्या पाण्यातून वीज मिळणार, असे लिहून आले.

तेव्हापासून विहारात, चावडीवर, कामाच्या ठिकाणी हा विषय निघाला की एकच प्रश्न ऐकू येतो. "मग आता वीजबिल कमी होणार काय?" प्रश्न भाबडा वाटेल, पण तोच खरा प्रश्न आहे. आज त्याचेच उत्तर शोधू या.

सूर्य कशावर जळतो?

कोळसा जळतो तसा सूर्य जळत नाही. तसा जळत असता तर तो केव्हाच विझून गेला असता. सूर्य हा मुख्यत्वे हायड्रोजन वायूचा प्रचंड गोळा आहे. त्याच्या पोटातले तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. एवढ्या उष्णतेत आणि दाबात हायड्रोजनची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळून जोडली जातात आणि त्यांचे हेलियम बनते. या जोडणीला अणुसंमीलन म्हणतात. तारापूरच्या अणुभट्टीत चालते ते याच्या उलट आहे. तेथे युरेनियमचे जड केंद्रक फोडतात, त्याला विखंडन म्हणतात. म्हणजे तारापूरला फोडणे, सूर्यात जोडणे.

जोडण्यातून ऊर्जा कशी निघते? हिशेब पाहा. एक किलो हायड्रोजनचे हेलियम झाले तर ते वजनात ९९३ ग्रॅमच भरते. उरलेले सात ग्रॅम कोठे गेले? त्यांचीच ऊर्जा झाली. आइन्स्टाइनच्या सूत्राने मांडले तर त्या सात ग्रॅमची ऊर्जा सुमारे साडेसतरा कोटी युनिट होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ४७ लाख होती. घरात पाच माणसे आणि महिन्याला शंभर युनिट धरले, आणि ही सगळीच्या सगळी ऊर्जा विजेत उतरली असे मानले, तर एक किलो हायड्रोजनवर या दोन्ही जिल्ह्यांतली सगळी घरे जवळजवळ दोन महिने उजळतील. सूर्य तर दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो!

ज्या सूर्याचा हा हिशेब आपण आज वहीवर मांडतो, त्याच सूर्याला राहू-केतू गिळतात असे आपल्या वाडवडिलांना सांगितले गेले. ग्रहण लागले की गरोदर बाईने घराबाहेर पडायचे नाही, विळी-सुरीला हात लावायचा नाही. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाने झोळी घेऊन, ग्रहण सुटावे म्हणून दान द्या, असे ओरडत गावभर फिरायचे. आकाशात सावली पडली तरी भीक आपल्याच वाट्याला! ती झोळी बाबासाहेबांनी फेकायला लावली. म्हणून सूर्य म्हणजे काय हे नीट समजून घेणे आपल्यासाठी केवळ शाळेचा धडा नाही.

येथे मेघनाद साहा यांचे नाव प्रत्येक घरात माहीत असायला हवे. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या लहान किराणा दुकानदाराचा हा मुलगा, जन्म १८९३ चा. कलकत्त्याला शिकायला गेला, तर वसतिगृहातल्या उच्चवर्णीय मुलांनी त्याच्या पंगतीला बसून जेवायला नकार दिला. त्याच मुलाने १९२० साली जगाला एक समीकरण दिले. वायू किती तापला म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतात, हे त्या समीकरणाने सांगता येऊ लागले. १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण संशोधक बाईने साहांचे समीकरण वापरून दाखवून दिले की तारे बहुतांशी हायड्रोजनचे बनलेले आहेत. त्या काळच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने हे अशक्य आहे म्हणून सांगितले. चार वर्षांनी त्यालाही तिचेच म्हणणे मान्य करावे लागले. तथागतांनी कालामांना हेच तर सांगितले होते! मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. ज्याला पंगतीत बसू दिले नाही त्याच्या गणिताने सूर्याचे इंधन कोणते ते कळले, हे आपल्या मुलामुलींना जरूर सांगा.

पृथ्वीवर ही भट्टी पेटवायची कशी?

हायड्रोजनची केंद्रके सहजासहजी जोडली जात नाहीत. जुन्या स्पीकरमधून काढलेले दोन लोहचुंबक सारख्या टोकांनी जवळ आणून पाहा. ते एकमेकांना दूर ढकलतात. केंद्रकांचेही तसेच आहे, कारण दोन्हींवर धन विद्युतभार असतो. ही ढकल मोडायची तर त्यांना प्रचंड वेग द्यावा लागतो, म्हणजेच प्रचंड तापवावे लागते. सूर्याला स्वतःच्या वजनाचा दाब मिळतो. आपल्याजवळ तो नाही. म्हणून यंत्रात सूर्याच्या पोटाहून दसपट, म्हणजे सुमारे पंधरा कोटी अंश तापमान लागते.

एवढा तापलेला वायू ठेवायचा कशात? कोणतेही भांडे टिकणार नाही. इतक्या उष्णतेत अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा आपल्याला अनोळखी नाही. ट्यूबलाइटच्या नळीत चमकतो तो प्लाझ्माच, आणि वेल्डिंगच्या ठिणगीतही तोच असतो. प्लाझ्मातल्या कणांवर विद्युतभार असल्याने चुंबक त्याला वळवू शकतो. म्हणून मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ यंत्र करून त्याभोवती शक्तिमान चुंबक बसवतात आणि प्लाझ्माला भिंतीला न लागू देता मधल्या मध्ये फिरवत ठेवतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. रशियन शास्त्रज्ञांनी ते प्रथम बांधले. आपल्या देशातही गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' नावाचा टोकामॅक सुरू झाला.

यंत्रात साधा हायड्रोजन वापरत नाहीत. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे त्याचे दोन जड भाऊ वापरतात. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे, एक हजार लिटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही. ते लिथियमपासून बनवावे लागते. हजार मेगावॉटचे असे केंद्र कधी उभे राहिले तर त्याला वर्षाला सुमारे २५० किलो इंधन पुरेल असा अंदाज आहे. २५० किलो म्हणजे अडीच क्विंटल! तेवढा कापूस आपला शेतकरी एका बैलबंडीत बाजारात नेतो. तेवढ्याच विजेला कोळसा लागतो सुमारे २७ लाख टन. पारसचे दोन्ही २५० मेगावॉटचे संच पूर्ण क्षमतेने चालले तर रोज सात-आठ हजार टन कोळसा खातात, आणि आपल्या देशातल्या कोळशाची जवळजवळ एक तृतीयांश राख होते. वाघिणीमागून वाघिणी कोळसा आणा आणि डोंगराएवढी राख साठवा, यातून सुटका व्हावी असे कोणाला वाटणार नाही?

आता बिलाच्या भाषेत हिशेब

लिव्हरमोरच्या त्या प्रयोगात लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत घातली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. आपल्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या प्रयोगात निघालेली ऊर्जा एका युनिटाहूनही कमी होती. आणि लेसर चालवायला भिंतीतल्या तारेतून घेतलेली वीज होती सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. ८३ युनिट खर्च करून पाऊण-एक युनिट उष्णता! घरातली कोणतीही बाई हा हिशेब ऐकून हसेल.

इंग्लंडमधील 'जेट' नावाच्या टोकामॅकने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली, म्हणजे १९ युनिट. पण तेथेही यंत्राला लागलेली वीज त्याहून पुष्कळ जास्त होती. त्यानंतर दोन महिन्यांनी, चाळीस वर्षे चाललेले ते यंत्र बंद करण्यात आले. २०२५ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या एका टोकामॅकने प्लाझ्मा सलग बावीस मिनिटे टिकवून धरला. हीही मोठी मजल आहे, मात्र त्यातून वीज काढलेली नव्हती.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, बंधूंनो. पाऊण युनिटासाठी झटणाऱ्यांनी जे अशक्य म्हटले जात होते ते शक्य करून दाखवले. पण आशा वेगळी आणि आश्वासन वेगळे. आश्वासनांचा इतिहासही पाहिला पाहिजे.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा. त्यांनी त्या व्यासपीठावरून भाकीत केले की येत्या वीस वर्षांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल. वीस वर्षे म्हणजे १९७५. ते साल येऊन गेले, नंतरची वीस वर्षेही गेली, आणखीही गेली. पुढे भारतासह सात भागीदारांनी मिळून दक्षिण फ्रान्समध्ये 'ईटर' नावाचा जगातला सर्वांत मोठा टोकामॅक बांधायला घेतला. २००६ साली त्याचा करार झाला. तो २०१६ च्या सुमारास पेटेल असे प्रथम ठरले होते. मग २०२५ ठरले. २०२४ साली नवे वेळापत्रक आले, त्याप्रमाणे संशोधनाची सुरुवात २०३४ मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियम जाळणे २०३९ मध्ये. ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मेगावॉट काढणे हा त्याचा उद्देश आहे, आणि तीसुद्धा उष्णताच. ईटर वीज बनवणार नाही. ते काम त्यापुढच्या यंत्राचे.

शिवाय हे काम अगदी निर्धोक आहे असेही समजू नये. तारापूरसारख्या भट्टीत साखळी क्रिया हाताबाहेर जाण्याची भीती असते, ती येथे नाही. काही बिघडले तर प्लाझ्मा थंड होऊन विझतो. हजारो वर्षे सांभाळावा लागणारा जळका युरेनियमही नाही. पण ट्रिटियम किरणोत्सारी आहे, आणि सतत मारा होऊन यंत्राच्या भिंतीही किरणोत्सारी होतात. त्यांची विल्हेवाट जपूनच लावावी लागेल.

वीज कोणाच्या घरी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, हे सारे जमले. मग वीजबिल कमी होईल काय?

आपले बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्याला ठाऊक आहे. वीज आणि सिंचन हे विषयही त्यांच्याच खात्यात होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणासंबंधीच्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज कोणी निर्माण करावी, सरकारने की खासगी मालकाने, आणि ती स्वस्त व मुबलक कशी होईल, हे प्रश्न त्यांनी मांडले. स्वस्त व मुबलक वीज नसेल तर कारखानदारी उभी राहणार नाही, आणि कारखानदारी नसेल तर शेतीवर तुटून पडलेल्या गोरगरिबांची दारिद्र्यातून सुटका होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. दामोदर खोऱ्याच्या योजनेतही पूर रोखणे, शेतीला पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी एकत्र बघण्याचा आग्रह त्यांनी धरला. विशेष असे की मेघनाद साहाही दामोदरच्या पुरावर सातत्याने लिहीत होते. दोघांचेही निधन १९५६ सालीच झाले.

बाबासाहेबांची नजर अशी होती. यंत्र किती मोठे यावर ते थांबत नसत, ते कोणासाठी चालते हे विचारत. तीच नजर आज लावून पाहा. २०२३ साली अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने संमीलनाची वीज विकत घेण्याचा करार एका खासगी कंपनीशी केला. २०२५ साली गूगलने दुसऱ्या एका कंपनीकडून २०० मेगावॉट घेण्याचे ठरवले. ते केंद्र अजून उभेही नाही! जी वीज बनलेलीच नाही ती आधीच विकली गेली, आणि घेणारे आहेत जगातले सर्वांत श्रीमंत लोक. त्यांच्या पैशाने संशोधन पुढे सरकत असेल तर वाईट नाही. पण रांगेत पहिला कोण उभा आहे ते पाहून ठेवा.

लांब कशाला जाता? अमरावतीजवळ नांदगाव पेठला १,३५० मेगावॉटचे खासगी औष्णिक केंद्र उभे राहिले. त्याला पाणी दिले ते मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे, आणि त्यावरून शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले, कोर्टाची पायरी चढावी लागली. पारसची धुराडी आपल्या डोळ्यांसमोर होती, तरी २००५ नंतरची कित्येक वर्षे वऱ्हाडातल्या खेड्यांत तासन् तास लाईन जात होती आणि लेकरे चिमणीच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास करीत होती. केंद्र गावाजवळ असले म्हणून दिवा घरात लागतो असे नाही. उद्या कोळशाच्या जागी छोटा सूर्य आला तरी हा नियम आपोआप बदलणार नाही. तो बदलायला संघटित मागणी लागते.

आज हातात काय आहे?

एक संमीलन भट्टी मात्र कोणत्याही कंपनीची वाट न पाहता चालू आहे. पंधरा कोटी किलोमीटरवरचा आपला सूर्य! वऱ्हाडाला त्याची कमतरता नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याला एवढी उष्णता झाली की जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचा आदेश काढावा लागला. ज्या उन्हात आपला मजूर भाजून निघतो त्या उन्हातून वीज काढणारी सौर पट्टी आज बाजारात मिळते. घराच्या छतावरच्या सौर संचासाठी केंद्र सरकारने २०२४ साली योजना आणली, तिच्यात एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान ठरले. राज्याच्या सौर कृषिपंप योजनेत इतर शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाचच टक्के. याची माहिती महावितरणच्या कार्यालयात जाऊन अवश्य घ्या.

पण येथेही बाबासाहेबांचा प्रश्न सुटत नाही. छतावर पट्टी बसवायची तर छत स्वतःचे हवे, पक्के हवे. टिनाच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याने काय करावे? पंप घ्यायचा तर विहीर आणि शेत हवे. भूमिहीन शेतमजुराचे काय? वस्तीचे समाजमंदिर, विहार, वसतिगृह यांच्या छतांवर असे संच बसावेत, ही मागणी वस्त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे, ग्रामपंचायतीकडे लेखी केली पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. संमीलनाचे काम आजच्या आठवी-नववीतल्या मुलांच्या हयातीत पुरे व्हायचे आहे. २०३९ साली आज चौदा वर्षांची असलेली मुलगी तिशीच्या आतच असेल. तिने त्या यंत्राजवळ का उभे राहू नये? त्यासाठी गणित आणि पदार्थविज्ञानाला भिऊन चालणार नाही. अमरावतीला शंभर वर्षांची परंपरा असलेली शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था आहे, विद्यापीठ आहे. तेथून पुढे गांधीनगरच्या संशोधन संस्थेपर्यंत वाट जाते. नुसत्या पदव्यांचेच हे काम आहे असेही नाही. ईटरला गुंडाळणारे तीस मीटर उंचीचे आणि ३,८०० टन वजनाचे पोलादी आवरण भारताने दिले. त्याचे भाग सुरतजवळच्या हजीऱ्याच्या कारखान्यात बनले. त्यात हवेचा कणही शिरू नये असे जोड मारावे लागले. आयटीआय झालेल्या वेल्डरच्या हाताला तेथे मोल आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर लहान मुलांना दोन लोहचुंबक आणि घरचे एक वीजबिल द्या. चुंबकांची ढकल त्यांना हाताने अनुभवू द्या, आणि बिलावरच्या युनिटांना ३.६ ने गुणून आपले घर महिन्याला किती मेगाज्यूल वापरते ते त्यांनाच काढू द्या. मोठ्या मंडळींनी त्याच बिलाची दुसरी बाजूही वाचावी. वीज आकार किती, स्थिर आकार किती, वहन आकार किती, हे पैसे कशाचे घेतात ते एकमेकांना विचारावे. समजले नाही तर सर्वांनी मिळून महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारावे. विचारण्याचा तो हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!